इथे दगड कुठून आला?

ऑक्टोबरमधली सकाळ. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यात, काठापासून काहीशे मीटरवर आमची बोट शेतात नांगर फिरावा तशी सरळ रेषेत जात-येत होती. समुद्राचा तळ मोजणं हे माझं काम. ऐकायला भारी वाटतं, पण दिवसाचे दहा तास पडद्यावर सरकणारी करडी पट्टी बघायची आणि मळमळ आवरायची, एवढंच त्यात असतं. यावेळी एका केबलच्या मार्गासाठी तळाचा नकाशा हवा होता.

उत्तर समुद्राचं पाणी इथे पावसाळ्यातल्या खाडीसारखं गढूळ असतं. त्यात पाणबुड्याला स्वतःची बोटं दिसणं मुश्कील, म्हणून डोळ्यांचं काम आवाजावर सोपवायचं. सोनार तळावर ध्वनी सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतून चित्र उभं राहतं. तळावर काही उंच असेल तर त्याच्या मागे काळी सावली पडते. सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते.

अकराच्या सुमारास पट्टीवर अचानक गर्दी झाली. एरवी सपाट वाळू, आणि इथे मात्र एकाच जागी ढिगाने ठळक ठिपके, प्रत्येकाला सावली. मी टार्गेट लिस्ट उघडली, खूण केली आणि शेऱ्यात टाइप केलं : 'बोल्डर्स, नैसर्गिक'.

आमचा बोटवाला चहाचा मग घेऊन मागे उभा होता. सत्तरीकडे झुकलेला, साउथवोल्डचा, आधीची सगळी हयात मासेमारीत गेलेली. मनातल्या मनात मी त्याला तांडेलच म्हणायचो. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इथे दगड कुठून आला?"

"म्हणजे?"

त्याने मगाने किनाऱ्याकडे बोट... म्हणजे मग दाखवला. "तो कडा बघ. त्यात तुझ्या डोक्याएवढा एक तरी दगड दिसतोय का?"

दिसत नव्हता. कडा पिवळसर वाळूचा आणि बारीक गोट्यांचा, हाताने उकरता येईल असा. या पट्ट्यात कातळ नाहीच. म्हणजे मोठा दगड दिसला, तर तो कुणीतरी आणून ठेवलेला असणार.

"ते सेंट पीटर आहे," तो म्हणाला. "चर्च. माझी दोन जाळी खाल्ली त्याने."

आता कबुली देतो. कामाआधी आलेल्या जाडजूड प्राथमिक अहवालात 'पुरातत्त्व' असं एक आख्खं प्रकरण होतं. मी खोलीची आणि भरती-ओहोटीची पानं वाचून तो मिटला होता. आमच्या बोटीखाली डनिच नावाचं शहर आहे, हे मला एका मच्छीमाराकडून कळलं.

दुपारी पूर्वेचा वारा वाढला आणि काम थांबलं. बोट साउथवोल्डला बांधल्यावर तांडेल मला त्याच्या जुनाट गाडीतून डनिचला घेऊन गेला. आता ते खेडं आहे : मोजकी घरं, एक पब, एक छोटं संग्रहालय. संग्रहालयात जुन्या शहराची प्रतिकृती मांडली आहे. ती बघताना आधी दिशाच कळेना, कारण मी ज्याला समुद्र समजत होतो तिथे गल्ल्या, बाजार आणि चर्चचे मनोरे होते.

गावाची सुरुवात कुठून धरायची यावरच वाद आहे. सातव्या शतकात बर्गंडीहून आलेल्या फेलिक्स नावाच्या बिशपला राजा सिगेबर्टने पूर्व अँग्लियातलं धर्मपीठ 'डोमोक' इथे दिलं, असं बीड नावाच्या इंग्रज साधूने 731 मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात लिहिलंय. डनिचकर म्हणतात डोमोक म्हणजे आम्हीच. फेलिक्सस्टोच्या बाजूचे म्हणतात, छे, ते आमच्याकडच्या वॉल्टनच्या रोमन किल्ल्यात. तांडेलचं मत विचारायची गरज नव्हती.

वादाला जागा नाही असा पुरावा 1086 चा. विल्यम राजाने देशभराची मोजदाद केली, त्या डूम्सडे नोंदीत इथले 236 हक्कदार नागरिक आहेत, वीस वर्षांपूर्वी ते 120 होते. एक चर्च होतं, त्याची तीन झाली. वर्षाची देणी 68,000 हेरिंग मासे. (हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची थोरली बहीण समजा.) आणि मग माझ्यासारख्या मोजणीवाल्याला खिळवून ठेवणारी एक ओळ : पूर्वी दोन नांगरांची जमीन होती, आता एक, दुसरी समुद्राने नेली. ना हळहळ, ना नवस. जमाखर्चात एक खातं कमी, बस. म्हणजे शहर भरभराटीला येत होतं, त्याच वेळी कडा मागे सरत होता आणि राजाच्या कारकुनाला ते ठाऊक होतं.

तरीही पुढची दोनशे वर्षं लोक तिथे बांधत राहिले, आणि मला ते वेडेपणाचं वाटत नाही. बंदर होतंच तसं. नदी समुद्राला मिळण्याआधी वाळू-गोट्यांच्या लांब दांड्याआड वळायची, आत जहाजं सुरक्षित उभी राहायची. इथून लोकर आणि धान्य जायचं, फ्रान्सची दारू यायची. 1173 मध्ये लेस्टरचा बंडखोर अर्ल (सरदार) चालून आला, तेव्हा बायकापोरांनीही तटावर दगड वाहिले, असं त्या काळचा इतिवृत्तकार सांगतो. 1199 मध्ये जॉन राजाने सनद दिली.

लोकांना वाटतं, एका रात्री लाट आली आणि शहर गिळलं. अजूनही वादळात पाण्याखालून घंटा ऐकू येतात, ही गोष्ट पर्यटकांना हमखास सांगितली जाते. तांडेलने चाळीस वर्षांत एकही घंटा ऐकली नाही, पण संग्रहालयातल्या बाईंसमोर तो काही बोलला नाही. 1286 च्या हिवाळ्यातल्या वादळाने बरंच नेलं हे खरं. पण घाव बसला तो 1328 मध्ये. त्या वादळाने गोटे लोटून बंदराचं तोंडच बुजवलं. नदीने उत्तरेला वॉल्बर्सविककडे नवा रस्ता काढला आणि जहाजं, जकात, सगळं तिकडे गेलं. जकातीवरून शेजाऱ्यांशी भांडणं झाली. 1347 मध्ये आणखी सुमारे 400 घरं गेली, पण तोवर ती वाचवायला पैसा कुणाकडे होता? लाटांनी घरं पाडली, त्याआधी दांड्याने धंदा मारला.

मी रेवदंड्याचा आहे. शेजारचं चौल बंदर गाळाने कसं बुजलं ते लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी कड्यावर गेलो. 1286 नंतर फ्रान्सिस्कन साधूंनी मठ आत हलवला, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, मात्र आता त्याही काठाजवळच आल्यात. ऑल सेंट्स हे शेवटचं मध्ययुगीन चर्च 1904 पासून तुकड्यातुकड्याने कोसळत 1919 मध्ये मनोऱ्यासकट संपलं. त्याच्या आवारातला एकच थडग्याचा दगड झाडीत उरला होता. दक्षिणेला साइझवेलच्या अणुवीज केंद्राचा पांढरा घुमट चमकत होता.

"आणि ऐक," तांडेल म्हणाला, "1832 पर्यंत आम्ही पार्लमेंटात दोन खासदार पाठवत होतो." अर्धंअधिक मतदारसंघ पाण्यात, बत्तीस मतदार, दोन खासदार. हे सांगताना त्याचा चेहरा साउथवोल्डचा न राहता डनिचचा झाला.

संध्याकाळी खोलीवर येऊन यादी उघडली. 'नैसर्गिक' खोडलं. प्रकाराच्या रकान्यात निवडायला बोल्डर, जहाजाचा अवशेष, केबल, मासेमारीचं साहित्य आणि 'इतर' एवढेच पर्याय होते. मी 'इतर' निवडून शेऱ्यात लिहिलं : 'मानवनिर्मित बांधकाम, चर्चचे अवशेष, पुरातत्त्वज्ञाला कळवावे.'

दोन दिवसांनी ऑफिसातून एकच प्रश्न आला : तिथे नांगर टाकला तर अडकेल का?

अडकेल, असं कळवलं. जाळी अडकतात, हेही जोडलं.