लांब का?

दुपारी साडेतीनच्या सुमाराला दळणाचा डबा घेऊन निघाले होते. चपला पायात सरकवतेय, तोच वरच्या मजल्यावरची चिमी जिन्यातून उड्या मारत खाली आली आणि म्हणाली, "काकू, कुठे?"

मी डबा खाली ठेवला, चपला काढल्या, आत जाऊन दोन घोट पाणी प्यायले आणि मग पुन्हा निघाले. बँकेत 31 वर्षं नोकरी केलेली बाई मी. पाच किलो गव्हाच्या वाटेत असं काय आडवं येणार होतं? पण पाय उचलेना, त्याला काय करणार.

आमच्या आजीच्या राज्यात उंबऱ्यावर 'कुठं' हा शब्द काढायचा नाही. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारलं की कामाचा विचका ठरलेला. अगदीच राहवलं नाही तर "लांब का?" एवढंच विचारायचं. जाणाराही त्यातला जाणकार. तो "इथंच" म्हणायचा, नाहीतर "येतो". "जातो" म्हणायची तर चोरीच होती. प्रश्नाला सोवळं, उत्तरालाही सोवळं.

माझा भाऊ एक नंबरचा आगाऊ. एकदा सातारचे पाहुणे पिशव्या उचलून दारात उभे राहिल्यावर तो मोठ्यांदा ओरडला, "कुठं? कुठं?" झालं. आजीने पाहुण्यांना परत आत आणून पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं. तोवर एसटी गेली. "बघा, कुठं विचारलं की असं होतं," आजी म्हणाली. बसवून ठेवलं नसतं तर एसटी मिळाली असती, हे तिला सांगायची कुणाची छाती?

'किती' हा शब्द पानावर चालायचा नाही. खाणाऱ्याच्या पोळ्या मोजल्या की अन्न अंगी लागत नाही म्हणे. माझे जावई हल्ली स्वतःच जेवताजेवता फोनमध्ये पोळ्या टिपून ठेवतात. मी तिकडे बघतच नाही.

शाळेत तर प्रश्न नसायचाच, शंका असायची. धडा संपला की बाई विचारायच्या, "कुणाला काही शंका?" आणि वर्ग चिडीचूप. शंका म्हटलं की निम्मा गुन्हा कबूल केल्यासारखं वाटायचं. एकदा शेवटच्या बाकावरून हात वर आला. बाईंचा चेहरा असा काही उजळला की बस. "विचार बाळ, विचार." मग नीट बघितलं, तर हाताची करंगळीच तेवढी उभी होती.

निवृत्त झाल्यावर मला जरा वाचा फुटली. आमच्या गल्लीतला रस्ता एका वर्षात तिसऱ्यांदा उकरला, तेव्हा मी माहितीच्या अधिकारात अर्ज करायला घेतला. कायदा 2005 चा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा, साधारण 150 शब्दांत बसवायचा. मी झोकात सुरुवात केली, 'सदर रस्ता वारंवार का उकरण्यात येतो...' असे अर्ज करण्यात मुरलेले एक गृहस्थ आमच्या सोसायटीत आहेत. त्यांनी शांतपणे 'का'वर काट मारली. "बाई, इथं का विचारायचं नाही. कागद मागा. कामाच्या आदेशाची प्रत मागा, मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा."

मला वाटलं, हे आजीच्याच माहेरचे दिसतात. पण तसं खरंच आहे. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगून ठेवलंय की कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत 'का'ची उत्तरं बसत नाहीत. कारण कागदावर नोंदलेलं असेल तर तो कागद मिळेल, पण कोणा अधिकाऱ्याला समोर बसवून खुलासा करायला लावता येणार नाही. कायद्याच्या अंगाने ते बरोबरच असेल. तरी घरात कुठं नको, पानावर किती नको आणि कचेरीत का नको, असं म्हटलं तर माणसाने विचारायचं तरी काय!

उत्तराला मुदत 30 दिवसांची. एकोणतिसाव्या दिवशी जाड पाकीट आलं. एकदा पाण्याची लाइन, एकदा ड्रेनेज, एकदा केबल. तिन्ही कामं वेगवेगळ्या खात्यांची, तिन्ही आदेशांवर वेगवेगळ्या सह्या. आता 'का' विचारायची गरजच उरली नव्हती. सगळं त्या कागदांतच होतं, फक्त शेजारी-शेजारी ठेवून बघायचं होतं.

चिमीच्या 'कुठे'ने गिरणीपर्यंत पाठ सोडली नाही. रांगेत बाकड्यावर बसले आणि आमचे अण्णा डोळ्यांपुढे आले.

अण्णा महिन्यातून एकदा सकाळीच कापडी पिशवी घेऊन निघायचे. आजी उंबऱ्यातून विचारायची, "लांब का?" ते म्हणायचे, "इथंच." आई काहीच विचारायची नाही. ओगलेवाडीच्या स्टेशनवरून ते गाडी धरायचे, हे आम्हाला फार नंतर कळलं. मी नववीत असताना ते गेले. पुढे ट्रंक आवरताना चार घड्या घातलेला केसपेपर निघाला, मिरजेच्या दवाखान्यातला. त्यावर दीड वर्षाच्या तारखा, एकाखाली एक. आमच्याकडे मिरजेला नेलं म्हटलं की बायका पदर डोळ्याला लावायच्या. अण्णांना कुणी नेलं नव्हतं, ते आपले आपण जाऊन येत होते.

आल्यावर मात्र काहीही विचारायची मुभा होती. अंधार पडल्यावर अण्णा दारात दिसले की आम्ही भावंडं धावायचो आणि विचारायचो, "काय आणलंत?"

पिशवीत भडंग असायचं. सांगलीकडचं, लालभडक, खरपूस लसणाचं. आमच्या गावात तसं मिळायचं नाही. आम्ही मूठमूठ वाटून घ्यायचो, आणि तळाशी उरलेल्या लसणासाठी भांडायचो.