13 संच आणि एक रकाना

नॉर्वेतल्या सोलबर्गफॉस जलविद्युत केंद्राच्या मशीन हॉलमध्ये शिरलो आणि सवयीने संच मोजायला लागलो. बाबांची नोकरी पोफळीला, कोयनेच्या पॉवरहाऊसवर गेली, त्यामुळे ही खोड लहानपणापासूनची. लांबलचक हॉल, एका रांगेत जनित्रं. 13 भरली. उलट्या बाजूने मोजली, तरी 13च.

हातातल्या कागदावर मालकी लिहिलेली होती : हाफस्लुंड दोन तृतीयांश, स्टाटक्राफ्ट एक तृतीयांश. म्हणजे ओस्लो शहर दोन वाटे आणि नॉर्वे सरकार एक वाटा. पण 13ला 3ने भाग कुठे जातो?

"यातले सरकारचे संच कुठले?" मी विचारलंच.

आम्हाला फिरवून दाखवणारा ऑपरेटर हसला. "शाळेची सहल आली की मुलंही हेच विचारतात." मग त्याने मला जवळच्या संचाच्या कठड्यावर हात ठेवायला लावला. बारीक, एकसारखी थरथर तळव्यातून कोपरापर्यंत चढली. "हे दोघांचंच आहे. संच वाटलेले नाहीत. वीज वाटली जाते, खर्च वाटला जातो."

माझं काम खरं तर हॉलमधलं नाही, नकाशाचं. ओस्लोतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत मी जीआयएस, म्हणजे संगणकावरचे माहितीचे नकाशे, बघतो. ग्लोम्मा नदीच्या खोऱ्यातली सगळी वीजघरं मालकानुसार रंगवायची, एवढंच काम होतं. ग्लोम्मा ही नॉर्वेतली सर्वांत लांब नदी. रोरोसजवळच्या औरसुंदेन तलावातून निघून फ्रेडरिकस्टाडला समुद्राला मिळेपर्यंत सुमारे 620 किलोमीटर. खोरं जवळपास 42,000 चौरस किलोमीटरचं, म्हणजे देशाचा आठवा हिस्सा. माझ्या तक्त्यात प्रत्येक वीजघरापुढे एक रकाना होता : मालक. एक वीजघर, एक मालक, एक रंग. किती सोपं!

परतताना आस्किमहून गाडी पकडली आणि लॅपटॉप उघडला. सोलबर्गफॉसची क्षमता 200 मेगावॅटच्या आसपास आहे. माझ्या बेरजेत ती 400च्या वर दिसत होती. पोटात गोळा आला. मालकांची यादी वीजघरांच्या यादीला जोडताना दोन मालक म्हणून दोन ओळी झाल्या होत्या, आणि प्रत्येक ओळीने अख्खं वीजघर स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. जिथे जिथे भागीदारी, तिथे तिथे हेच. दोन आठवडे मी हे आकडे लोकांना दाखवत होतो. सातबाऱ्यावर सामायिक खातेदार बघत मोठा झालेला माणूस मी, आणि चूक कसली केली तर ही!

समोर बसलेल्या सहकारी बाईंना सांगितलं. त्या या धंद्यात माझ्या दुप्पट वर्षं आहेत. त्या म्हणाल्या, "रकाना दुरुस्त करशील रे, पण वरच्या तलावांचं काय करणार?" म्योसा तलावाचं पाणी अडवून ठेवतात ते खालच्या सगळ्या वीजघरांच्या उपयोगाचं. त्यासाठी खोऱ्यातल्या वीजघरवाल्यांची एक सामायिक संघटना आहे, नियमनाचं काम ती बघते. आणखी वर ह्योएग्गाला तर ग्लोम्माचंच पाणी बोगद्याने शेजारच्या रेंडालेन दरीत वळवलंय. तिथे टर्बाइन फिरवून ते रेना नदीतून परत ग्लोम्मात येतं. शिवाय ज्या नगरपालिकांच्या हद्दीतलं पाणी वापरलं जातं, त्यांना परवान्याच्या अटीनुसार उत्पादन खर्चाच्या भावात काही वीज द्यावी लागते. त्या मालक नाहीत, पण हक्कदार आहेत. रंग कुठला द्यायचा त्यांना?

मग त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. 1905मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, आणि परदेशी पैसा धबधबे विकत घेतोय या धास्तीने 1906मध्येच घाईघाईने कायदे झाले. लोक त्यांना 'घबराटीचे कायदे'च म्हणतात. 1917च्या कायद्यानुसार खासगी मालकाला मुदतीचाच परवाना मिळायचा, जास्तीत जास्त 60 वर्षांचा. मुदत संपली की धरण, बोगदे, यंत्रं, सगळं फुकट सरकारजमा. सरकारी आणि नगरपालिकांच्या कंपन्यांना मात्र ही अट नव्हती. या भेदभावावर 2007मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाने बोट ठेवलं, तेव्हा 2008मध्ये संसदेने वेगळाच मार्ग काढला : मोठ्या धबधब्यांवर खासगी मालकी एक तृतीयांशाच्या वर नको. सोलबर्गफॉसला हे लागायचा प्रश्नच नव्हता. तिथे 1924मध्ये वीज सुरू झाली, शहराचं नाव अजून क्रिस्तियानिया असताना, आणि भागीदार पहिल्यापासून सरकार आणि हे शहरच. मला हा हिशेबीपणा आवडला. कंपनीची पाटी कुठलीही असो, मालकीची साखळी ओढत गेलं की दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा एखादी नगरपालिका नाहीतर सरकारच सापडतं.

रात्री बाबांना फोन लावला. 13 संचांचा किस्सा ऐकून ते म्हणाले, "अरे, त्यात काय एवढं? आमचं धरण पाटबंधारेचं, पॉवरहाऊसही त्यांचंच, चालवणारे आम्ही भाडेकरू. तुझ्या त्या रकान्यात आम्हाला कुठे बसवलं असतंस?"

दुसऱ्या दिवशी तक्ता फोडून तीन केले : वीजघरं, मालक आणि मधे वाट्यांचा. सोलबर्गफॉसचा ठिपका आता दोन रंगांचा दिसतो, एक भाग निळा, दोन हिरवे. म्योसा अजून पांढराच आहे.