जे गेले ते किस्से सांगायला येत नाहीत

आज लंचला सिगारेटवरून वाद झाला. एक मित्र पाकीट टेबलावर टकटक आपटत म्हणाला, अरे माझे आजोबा रोज ओढायचे, नव्वदी पार केली, काही होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला ते फार खुपलं, कारण ज्यांचे आजोबा पन्नाशीतच गेले त्यांचे किस्से कोण रंगवून सांगतं, आपल्या कानावर येतात ते फक्त वाचलेल्यांचे.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञाने १९४३ मध्ये नेमकं यावरच काम केलं होतं. लढाईत विमानाचा कोणता भाग जास्त नाजूक हे शोधायचं होतं, पण गोळ्यांच्या खुणा मोजता येतात त्या फक्त परत आलेल्या विमानांवरच्या, म्हणजे तिथे गोळी लागूनही विमान तगलं, मग जिथे खुणा कमी दिसतात, जसं इंजिन, तीच जागा खरी नाजूक, कारण तिथे लागलेली बरीच विमानं परत आलीच नाहीत ना! मला हा विचार कितीही वेळा आठवला तरी अंगावर काटा येतो.

हे सांगितलं तर उत्तर काय, "तू डॉक्टर आहेस का?" आता मी कोण आहे यावरून मुद्दा बरोबर की चूक कसं ठरणार? आणि मग लगेच "उद्या रस्त्यावर पण चालू नको म्हणशील", जे मी म्हटलंच नव्हतं.

मी आवाज न चढवता एवढंच विचारलं, तुझ्या ओळखीतले न वाचलेले किती? तो गप्प झाला. उठताना पाकीट खिशात टाकलं त्याने, पण जिन्यात थांबून म्हणाला, ते विमानांचं परत सांग ना एकदा.