सरांची विहीर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते भूगोलाचे सरच. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आठवीत सर भूजल शिकवत होते. उन्हाळ्यात आपल्याकडे घराघरात विहिरीच्या तळाचीच चर्चा, त्यामुळे वर्ग चिडीचूप. सरांनी रंगीत खडूंनी विहिरीचा उभा छेद काढायला घेतला. काळी माती, मुरूम, मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक, तळाशी काळा पाषाण. जो थर काढतील त्याबद्दलच बोलायचे आणि नावही त्या थरातच लिहायचे. पुस्तकात आकृतीवर नुसते आकडे, नावं खाली. सर म्हणायचे, "डोळ्यांना हेलपाटे कशाला घालायला लावायचे?" मांजऱ्यातून झिरपणारं पाणी त्यांनी निळ्या रेघांनी दाखवलं आणि अखंड पाषाणाशी खडू थांबवला. गावात दोन विहिरी शेजारी असून एकीलाच पाणी का, ते तिथं उमगलं.

मधल्या सुट्टीत आमच्यातल्या एकानं त्या विहिरीवर मोट आणि बैलजोडी काढली. हुबेहूब! सरांनी त्याची पाठ थोपटली, तेच चित्र हस्तलिखितासाठी कागदावर काढायला लावलं आणि फळ्यावरचं पुसलं. "बैल राहिले तर पोरं बैलच बघतील. पाणी कोण बघणार?"

पुढे मी शेतकऱ्यांसाठी सचित्र माहितीपत्रकं करू लागलो, तेव्हा ॲलन पेव्हियो आणि रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांचं काम वाचनात आलं. शब्द आणि चित्र मनात दोन वेगळ्या वाटांनी साठतात, हे पेव्हियो यांनी १९७१ मध्ये सविस्तर मांडलं. शब्द चित्राला लागून हवेत, बोलणं आणि चित्र एकाच वेळी यावं, नुसती सजावट काढून टाकावी, असं मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं. विषयात नवख्या असलेल्याला तर याचा फायदा अधिक. वाचताना पानोपानी सर आठवत होते. गुलाबी बोंडअळीच्या माझ्या पत्रकात 'डोमकळी' हा शब्द अळीमुळे मिटलेल्या कपाशीच्या फुलालाच खेटून छापलेला असतो. ही सरांची शिकवण.

हल्ली पडद्यावर धडा चालतो तेव्हा मागे संगीत, खाली सरकणारी अक्षरं, कडेला नाचणारी चित्रं. मुलं रमतात, पण छेद काढायला सांगितला की पेन्सिल अडते. याचं वाईट वाटतं.

समितीला एकच विनंती. नव्या इमारतीतल्या भूगोलाच्या खोलीत डिजिटल फळ्याशेजारी एक साधा काळा फळा आणि रंगीत खडूंची पेटी ठेवावी. खर्च माझ्याकडे.