तुम्ही विचारलंत म्हणून : पियानो मी कुणाकडे शिकलो

मी पियानो वाजवतो हे कळले की समोरचा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, "नाशिकमध्ये हे कुणाकडे शिकलात?" त्यामागचे आश्चर्य मला समजते. पंचवटीतल्या आमच्या घरी भजनाला पेटी निघत असे आणि मीही आठवीपर्यंत पेटीच शिकत होतो. आजवर मी "शरणपूरच्या बाईंकडे" एवढेच उत्तर देत आलो. पण गेल्या वर्षी बाई गेल्या आणि आता तेवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही.

शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली ख्रिस्ती वस्ती. बाई त्याच परिसरात वाढल्या, रविवारी चर्चमध्ये साथ करीत राहिल्या आणि इतर दिवशी संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जुन्या पियानोवर चाळीसहून अधिक वर्षे मुलांना शिकवत राहिल्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना पेटीवर बसवलेला भूप मोठ्या उत्साहाने वाजवून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, मग मधली एक पांढरी पट्टी दाखवून म्हणाल्या, "ही दाब, बोट उचलू नकोस आणि सूर संपला की मला सांग." मी थोड्याच वेळात "संपला" म्हणालो. "अजून आहे," बाई म्हणाल्या. तिसऱ्या वेळी मी लाकडाला कान लावला तेव्हा कुठे तो धाग्याइतका बारीक झालेला सूर मला ऐकू आला. पेटीत भाता चालतो तोवर रीडमधून हवा जात राहते आणि सूर टिकून राहतो. पियानोत मात्र फेल्ट, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, लावलेली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते, त्यामुळे सूर उमटल्या क्षणापासूनच ओसरू लागतो. पुढचा सूर किती जोराने लावायचा हे मागचा किती उरला आहे ते ऐकून ठरवायचे, हा त्यांचा पहिला धडा होता आणि माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत मोठा धडा होता.

बोट उचलणे हेही वाजवणेच आहे, असे त्या नेहमी म्हणत. एकदा त्यांनी पियानोचे वरचे झाकण उघडून, पट्टी सोडली की तारेवर येऊन टेकणारे आणि तिचा आवाज थांबवणारे डँपर आम्हाला दाखवले. ८८ पट्ट्यांपैकी अगदी वरच्या सुमारे वीस पट्ट्यांना डँपर नसतातच, कारण तिथल्या तारा इतक्या आखूड असतात की त्यांचा आवाज आपोआपच लगेच विरतो. हे पाहिल्यानंतर माझी बोटे पट्टीवरून कधी झटक्याने उठली नाहीत.

बाईंना खोटे काही खपत नसे. आमच्या पुस्तकात जर्मन संगीतकार बाखच्या नावाने छापलेला जी मेजर या स्वरपट्टीतला एक मिन्यूएट, म्हणजे नृत्याच्या चालीची छोटी रचना, होता. त्याच्या पत्नीच्या १७२५ च्या वहीत तो असल्यामुळे दीर्घकाळ त्याचाच मानला गेला, पण तो ख्रिस्तियान पेत्सोल्ड याचा आहे. बाईंनी प्रत्येक मुलाच्या पुस्तकात छापील नाव पेन्सिलीने खोडून खरे नाव स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्याच बाई ना. वा. टिळकांची भजने वाजवताना डाव्या हाताने तंबोऱ्यासारखे सा आणि प धरून ठेवत, आणि माझी आई फाटकापाशी उभी राहून ती ऐकत असे. पियानोच्या परीक्षेच्या आठ ग्रेडची, म्हणजे पायऱ्यांची, त्यांना घाई नव्हती. एका ग्रेडला दोन वर्षे लावली म्हणून काही पालकांनी मुले काढून घेतली, याचे मला आजही वाईट वाटते.

पावसाळ्यात दमट हवेने पियानोतली लाकडी फळी फुगून तारा ताणल्या जात आणि सूर चढत. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत ते पुन्हा उतरत. म्हणून ट्यूनरला मुंबईहून दिवाळीनंतरच बोलवायचे, असा त्यांचा नियम होता. एका वर्षी त्याला बोलावणे परवडले नाही आणि खर्जातल्या एका डँपरचे फेल्ट कसरीने खाल्ले, तेव्हा बाईंनी स्वतःच्या जुन्या लोकरी शालीचा तुकडा कापून तिथे चिकटवला. तो सूर त्यानंतर कधी नीट थांबला नाही; बोट उचलल्यावरही मागे हलकी घरघर उरत असे.

तो पियानो आता माझ्याकडे आहे. यंदा दिवाळीनंतर आलेल्या ट्यूनरने तो शालीचा तुकडा पाहून तसाच ठेवू का, असे मला विचारले. मी तो हातात घेऊन बराच वेळ बसलो. ती घरघर ऐकू आली की दर वेळी बाईंच्या कपाळावर आठी पडत असे, ते मला आठवले आणि मी त्याला नवे फेल्ट लावायला सांगितले.