लाकडी व्हॅम्पायर, टप्पा दुसरा: कुठल्या जोडाला कुठला गोंद

व्हॅम्पायर जेटचं उडणारं मॉडेल बांधतोय. पॉडचे (पुढच्या फुगीर धडाचे) फॉर्मर, म्हणजे आतल्या आडव्या चौकटी, उभे राहिले, पंखाचा मधला भाग बसला, आता बूम, म्हणजे शेपूट धरणाऱ्या दोन लांब नळ्या, चढवायचे आहेत. म्हणजे इथून पुढे प्रत्येक जोड हवेत ताण सोसणार. मैदानावर भेटणारा प्रत्येक जण मात्र एकच विचारतो, "सगळ्यात स्ट्राँग गोंद कुठला?" या प्रश्नाला उत्तर नाही. जोर कुठल्या दिशेने येतो आणि ती जागा किती तापते, एवढं सांगा, मग गोंद ठरवता येतो. डब्यावर छापलेला ताकदीचा आकडा बहुतेक वेळा दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवायच्या जोराचा असतो. आपली मॉडेलं तशी फारशी तुटत नाहीत. ती तुटतात कडेपासून सोलत, डब्यावरचं लेबल कोपऱ्यात नख घालून ओढावं तशी.

नव्यांसाठी थोडक्यात: मॉडेल आहे डी हॅविलंड व्हॅम्पायर, १:७ प्रमाणात, पंखविस्तार १.६५ मीटर, आत एकच ९० मिमीचा डक्टेड फॅन, म्हणजे नळीत बसवलेला विजेचा पंखा. १९४८ मध्ये हवाई दलात आलेलं हे आपलं पहिलं जेट. पुढे एचएएलने बंगळूरला बनवलं, १९६१ च्या गोवा मोहिमेतही होतं. पण मी ते निवडलं ते वेगळ्याच कारणासाठी. हे जेट मुळातच गोंदाने चिकटवलेलं होतं. खऱ्या व्हॅम्पायरचे पंख आणि बूम ॲल्युमिनियमचे, पण वैमानिक बसतो तो पुढचा पॉड लाकडी: आतून-बाहेरून प्लाय आणि मध्ये बाल्सा हे अगदी हलकं लाकूड. त्यामुळे बाल्सा घासताना 'खेळणं बनवतोय' असं कोणी म्हटलं तर मला उत्तर तयार आहे.

ही रचना आली मॉस्किटोवरून, डी हॅविलंडच्याच दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी विमानावरून. सुरुवातीचे मॉस्किटो केसीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या गोंदाने जोडलेले होते. दमट हवेत त्याला बुरशी लागते, म्हणून नंतर एरोलाइट हा युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद आला. तो नॉर्मन डी ब्रुइन यांच्या इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या कंपनीचा. तरीही १९४४ मध्ये भारतात तैनात असलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेत तुटले आणि विमानं तपासणीसाठी जमिनीवर आणावी लागली. सगळ्यांनी आधी गोंदाकडे बोट दाखवलं. चौकशीत मात्र नीट न बसलेले, फटी राहिलेले जोडही निघाले आणि स्पारच्या (पंखातल्या मुख्य तुळईच्या) रेषेतून आत झिरपणारं पाणीही. उपाय म्हणून पंखाच्या वरच्या आवरणाच्या त्या लांब जोडावर प्लायची पट्टी चिकटवून वाट बंद केली. पावसाळ्यात पुण्यात लाकडी मॉडेल बांधणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं: आधी जोड नीट बसवा, मग त्याचं पाणी तोडा, गोंदाचा ब्रँड त्यानंतर. माझ्या पॉडमध्ये बाल्साची जी जी उघडी टोकं दिसतात, त्यांवर पातळ इपॉक्सीचा (दोन भाग मिसळले की 'पिकून' कडक होणाऱ्या गोंदाचा) एक हात मारतोय. आडव्या टोकातून लाकूड पाणी सगळ्यात जास्त ओढतं.

पॉडवर बाल्साच्या पट्ट्या चढवायला पांढरा फेविकॉल की सीए (सायनोॲक्रिलेट, झटपट धरणारा गोंद), हा वाद आमच्यात जुना आहे. मी पट्टी आणि फॉर्मर यांच्यात फेविकॉल लावतो, कारण पट्टी सरकवून बसवायला वेळ मिळतो आणि जोड थोडा लवचिक राहतो. दोन पट्ट्यांच्या मधल्या रेषेत मात्र नाही. वाळलेला फेविकॉल पॉलिश पेपरखाली रबरासारखा ताणला जातो, शेजारचा मऊ बाल्सा आधी झिजतो आणि गोंदाची रेघ वर उठून दिसते. तिथे पिवळा ॲलिफॅटिक गोंद लावतो, तो कडक वाळतो आणि छान घासला जातो. या पाण्याच्या गोंदांचा आणखी एक स्वभाव आहे: सतत ताण असेल तर ते महिनोन्‌महिने हळूहळू सरकतात. म्हणून वाकवून बसवलेला, कायम उसळी मारणारा कुठलाही भाग मी त्यांच्यावर सोडत नाही.

सीएबद्दल गैरसमज फार. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं फेविक्विक त्याच कुळातलं. हा गोंद वाळत नाही, हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याच्या स्पर्शाने त्याची साखळी बनते. त्यामुळे जुलैत तो झटकन धरतो आणि एप्रिलच्या कोरड्या दुपारी रेंगाळतो. पातळ सीए घट्ट बसलेल्या जोडात स्वतःहून ओढला जातो, फट असेल तर मात्र आरपार वाहून बोटाला चिकटतो. फटीला जाड सीए घ्यायचा. दोन्ही ठिसूळ, आणि साधारण ८० अंशांपुढे दोन्ही ढिले पडतात. माझ्या मॉडेलमध्ये सीएचं काम एवढंच: रिब (पंखाच्या आतल्या फासळ्या) जागेवर धरणं, आणि प्लायमध्ये स्क्रूचं भोक पाडलं, आटे पाडले की त्यात दोन थेंब सोडून आटे कडक करणं. नंतर स्क्रू परत एकदा फिरवून काढायचा. कितीही वेळा उघडा, आटे धरून राहतात.

दोन इशारे. सीए सांडला तर सुती चिंधीने पुसू नका. कापसाशी तो इतक्या जोरात प्रतिक्रिया करतो की चिंधी तापून धूर येतो, हात भाजतो. आणि कॉकपिटच्या पारदर्शक कॅनोपीच्या आसपास त्याची बाटली उघडूसुद्धा नका. वाफ प्लास्टिकवर बसते आणि पांढरी धूळ उमटते, ती पुसून जात नाही. कॅनोपीला पाण्याचाच, वाळल्यावर पारदर्शक होणारा गोंद. एक रात्र टेपने धरून ठेवायची, घाई नाही. उरलेली सीएची बाटली डब्यात सिलिकाच्या पुडीसोबत फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर गार बाटलीत हवेतलं दव उतरतं आणि गोंद जागेवरच घट्ट व्हायला लागतो.

आता इपॉक्सी. पाच मिनिटांच्या इपॉक्सीला माझ्या जेटमध्ये जवळजवळ जागा नाही. काम पटकन होतं, पण तो हळू पिकणाऱ्यापेक्षा ठिसूळ असतो आणि ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत, गडद रंगाच्या पंखाखाली, तेवढं तापमान सहज गाठलं जातं. शिवाय उन्हाळ्यात त्याची पाच मिनिटं तीनच होतात. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की हाताळायचा वेळ निम्म्यावर येतो, हा हिशेब सगळ्या इपॉक्सींना लागू आहे.

साधं अरल्डाइट या बाबतीत कमी लेखलं जातं. डक्सफर्डची ती एरोलाइटवाली कंपनी पुढे सिबा या स्विस रसायन कंपनीकडे गेली आणि अरल्डाइटचं नावही तिथलंच, तेव्हा व्हॅम्पायरला ते शोभतंच. पण मिसळण्यात लोक गोंधळतात. ट्यूबमधून सारख्या लांबीच्या दोन रेघा काढल्या तर १:१, ते आकारमानाने. वजनाने मात्र १००:८०, कारण हार्डनर हलका. १८० ग्रॅमच्या पाकिटात १०० ग्रॅमचा एक आणि ८० ग्रॅमचा एक डबा असतो, तो याचसाठी. मी सोनारी काट्यावर वजन करून घेतो. दहा ग्रॅमला आठ. हार्डनर जास्त घातला की लवकर पिकतो, हा निव्वळ भ्रम आहे. जास्तीचा हार्डनर तसाच पडून राहतो आणि जोड कायमचा मऊ-चिकट राहतो. लवकर हवं असेल तर जोड कोमट ठेवा. मी खोक्यात ६० वॉटचा जुना बल्ब लावून त्यात ठेवतो. त्याने नुसता वेगच नाही, जोडाची उष्णता सोसायची ताकदही वाढते. स्पिरिट घालून पातळ करायची सवय मात्र सोडाच. ते उडून जाताना आत सच्छिद्रता ठेवून जातं.

बूमच्या जोडाशी थांबतो, कारण या मॉडेलचा जीव तिथे आहे. फायबरग्लासचे बूम पंखातल्या प्लायच्या खाचेत बसतात आणि शेपटीचा सगळा पीळ त्या जोडावर येतो. साच्यातून काढलेल्या फायबरग्लासवर मेणाचा पातळ थर असतो, डोळ्यांना दिसत नाही. क्रम महत्त्वाचा: आधी ॲसिटोनने पुसायचं, मग १२० नंबरच्या पेपरने घासायचं, मग परत पुसायचं. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत भरलं जातं. पुसताना कपडा एकाच दिशेने, प्रत्येक वेळी स्वच्छ घडी. मग पाण्याचे थेंब सोडून बघायचं. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, मण्यांसारखं गोळा झालं तर मेण अजून आहे. जोडाआधी पाणी पुरतं वाळवायचं, हे सांगायला नको.

इथे मी चिवट, रबराचे सूक्ष्म कण घातलेला इपॉक्सी घेतलाय, दोन नळ्यांच्या काडतुसात मिळतो तो. ३एमच्या मालिकेत डीपी४२० ला सुमारे २० मिनिटं मिळतात, डीपी४६० ला सुमारे तासभर. मी दुसरा घेतला, कारण दोन्ही बूम जिगमध्ये (जागेवर धरणाऱ्या साच्यात) सरळ करून शेपटीशी काटकोन जुळवायला २० मिनिटं म्हणजे धावपळ. टर्बाइनवाले (मॉडेलमध्ये छोटं खरं जेट इंजिन बसवणारे) ज्याला सरसकट 'हायसॉल' म्हणतात तो लॉकटाइटचा ९४६२ देखील याच कामाचा. लोण्यासारखा जागेवर राहतो, उभ्या भिंतीवरून ओघळत नाही. स्वस्त नाहीत हे. पण जोडाला लागतो किती? काही ग्रॅम. क्लॅम्प मात्र जेमतेम आवळायचा. लाकडाच्या सवयीने करकचून आवळलात तर सगळा गोंद कडेला येतो आणि आत कोरडा जोड राहतो.

खरा जोड करण्याआधी मी त्याच बूमच्या कापलेल्या तुकड्यावर प्लायच्या पट्ट्या चिकटवून, पूर्ण पिकल्यावर पकडीने सोलून काढल्या. तुटलेली जागा भिंगाखाली बघण्यासारखी असते. नीट घासलेल्या तुकड्यावर प्लायचे तंतू फाटून फायबरग्लासवर राहिले होते, म्हणजे गोंदाआधी लाकडाने दम सोडला. मुद्दाम न घासता चिकटवलेल्या तुकड्यावरून तोच गोंद चकचकीत पापुद्र्यासारखा अख्खा निघून आला. एकाच काडतुसातला गोंद, एकाच वेळी लावलेला. ज्यांना 'स्ट्राँग'चा आकडा हवा असतो त्यांना मी हे दोन तुकडे दाखवतो.

हवा आत घेणारे डक्ट हा पंख्याच्या जेटचा वेगळाच मामला. व्हॅम्पायरचे इनटेक (हवा घेणारी तोंडं) पंखाच्या मुळाशी, तिथून दोन वळणदार नळ्या मध्ये पंख्यापाशी एकत्र येतात. पूर्ण थ्रॉटलला पंखा इतका ओढतो की पातळ डक्ट आत पिचकतो, आणि डक्टची कड फॉर्मरपासून आतल्या बाजूला सोलली जाते. नेमका तोच जोर, जो गोंदाला सगळ्यात जड जातो. म्हणून डक्ट नुसता टेकवून चिकटवला नाही. फॉर्मरला दोन्ही बाजूंनी काचकापडाची पट्टी दिली, म्हणजे सोलणारा जोर सरकवणाऱ्या जोरात बदलतो. पंख्याचं कवच चिकटवलेलंच नाही, ते स्क्रूवर आहे. मोटरच्या स्क्रूंना निळा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद), पण काडीच्या टोकाने थेंबभर. तो कवचाच्या प्लास्टिकवर ओघळला तर ताण असलेल्या जागी बारीक भेगा पडू शकतात.

रिट्रॅक्टच्या (आत दुमडणाऱ्या चाकांच्या) प्लेटला मी सगळ्यात जास्त गोंद खर्च केला. लँडिंगचा धक्का मागे-वर ओढणारा असतो, तयार किटमध्येही सगळ्यात आधी तिथलाच फॉर्मर सुटतो. प्लायच्या कोपऱ्यात त्रिकोणी काठी आणि वर कापसाचे तंतू मिसळलेल्या इपॉक्सीची गोलाई. तंतूच घ्यायचे. मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड) घासायला मऊ आणि वजनाला हलके असतात, पण जोर घ्यायच्या जागी ते घातले की गोंद कमजोर होतो. ते पुट्टी म्हणून खड्डे भरायला ठेवा.

हिंजसाठी जुनी युक्ती: पिनच्या सांध्यावर टूथपिकने व्हॅसलीन, मग दांडीला हळू पिकणारा इपॉक्सी. एलेव्हेटर (शेपटीवरची वर-खाली हलणारी पट्टी) अधूनमधून हलवत राहायचा. आणि शेपटीकडे हात आखडता ठेवायचा. तिथला जादा प्रत्येक ग्रॅम नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं मागतो.

टर्बाइन बसवणाऱ्यांनी यातलं सगळं तसंच उचलू नये. त्यांच्या एक्झॉस्टचं तापमान ५०० ते ७०० अंशांच्या घरात, तिथे कुठलाच इपॉक्सी टिकत नाही. टेलपाइपला धातूचे ब्रॅकेट, स्क्रू आणि हवेची फट हाच मार्ग. आणि दुरुस्ती करताना केरोसिन मुरलेल्या लाकडावर काहीही चिकटत नाही, तो भाग कापूनच काढावा लागतो.

हातमोजे नायट्राइलचे घाला. इपॉक्सीचा हार्डनर अंगाला लागत राहिला तर ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती जन्मभर राहते. हाताला लागलेला इपॉक्सी ॲसिटोनने पुसणं तर त्याहून वाईट, तो कातडीत आणखी आत जातो.

दोन्ही बूम जिगमध्ये आहेत. शेपूट लागली, सर्व्हो (शेपूट-पंखाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि बॅटरी जागेवर बसल्या की तोल बघून नाकात शिसं ओतायचं. छर्रे इपॉक्सीत कालवून, पण एका दमात नाही. जाड ढेप एकदम पिकली तर आतून इतकी तापते की शेजारचा फोम वितळतो. एक थर, तो गार झाला की दुसरा, आणि शेवटच्या थराआधी परत एकदा तोल.