तीच कार्टी, पाच कॉप्या

आमच्या बेसमेंटमधल्या एका कपाटाला नवरा पाळणाघर म्हणतो. त्यात कपडे नाहीत, पुस्तकं नाहीत, नुसती पोरं भरलीयेत. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन मुकी पोरं. काही व्हीएचएसवर, काही डीव्हीडीवर, काही कोणीतरी घरीच बर्न केलेल्या आणि वर मार्करने गिचमिड नाव लिहिलेल्या डिस्कवर, आणि एक चक्क सुपर-८ चं रीळ, ते लावायला माझ्याकडे प्रोजेक्टरच नाहीये. मग घेतलं कशाला हे विचारू नका, घरात विचारून झालंय.

तर ही पोरं म्हणजे 'अवर गँग'. इथे न्यू जर्सीत शेजारच्या आजोबांना 'अवर गँग' म्हटलं तर कळेल न कळेल, पण 'लिटल रास्कल्स' म्हटलं की त्यांचा चेहरा एकदम आठ वर्षांचा होतो, कारण त्यांनी ती लहानपणी टीव्हीवर त्या नावाने बघितलीयेत. एकाच टोळीला दोन नावं पडली त्याचं कारण अगदी आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखं आहे. हॅल रोच नावाच्या निर्मात्याने १९२२ साली कल्व्हर सिटीतल्या आपल्या स्टुडिओत ही मालिका सुरू केली, १९३८ ला ती एमजीएम नावाच्या बड्या स्टुडिओला विकली, त्यांनी ती १९४४ पर्यंत खेचली, पुढे जुने सिनेमे टीव्हीवर यायची वेळ आली तेव्हा 'अवर गँग' हे नाव एमजीएमकडेच राहिलेलं, मग बाकीच्यांनी पोरांचं बारसं नव्याने केलं. सगळे मिळून २२० शॉर्ट्स, म्हणजे छोटे सिनेमे, त्यातले पहिले ८८ मूकपट. माझं वेड या ८८ पुरतंच. बोलायला लागल्यावरची पोरं मला तेवढी आवडत नाहीत, म्हणजे गोड आहेत हो, पण जरा आगाऊ वाटतात.

रोचला हे सुचलं कसं त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे आणि तो स्वतःच ती सांगायचा. कोणीतरी आपली नटवी, मेकअप थापलेली मुलगी ऑडिशनला घेऊन आलं, ती ठरीव हातवारे करून गेली, रोच कंटाळून खिडकीशी गेला तर समोर लाकडाच्या वखारीपाशी चारपाच पोरं काठ्यांवरून भांडत होती. सगळ्यात मोठी काठी सगळ्यात बारक्याने घेतलेली आणि मोठ्याला ती हवी, बस, एवढंच भांडण. रोच म्हणे पंधरा मिनिटं बघत उभा राहिला. सांगता सांगता गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलं असेल, पण सिनेमे बघितले की पटतं, कारण त्यातही बरंचसं एवढंच असतं. काठी, कुत्रा, गाडी, आणि "माझी आहे", "नाही माझी आहे".

मला ही पोरं भेटली गराज सेलमध्ये. एक डॉलरला खोकाभर टेप. घरी आणून एक लावली तर १९२४ चा 'सन डाउन लिमिटेड'. त्यात ही पोरं आधी खऱ्या रेल्वेच्या इंजिनाशी खेळतात, तिथून हाकलली जातात, मग म्हणतात ठीक आहे, आम्ही आमचीच रेल्वे बांधतो. आणि बांधतात! मोडक्या फळ्या, डबे, चाकं, सगळं जमवून. मी मिरजेची. जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला रेल्वेवरून हाकललं जाणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी तो सिनेमा त्या रात्री तीनदा बघितला. कॉपी इतकी वाईट होती की टोळीतल्या ठिपक्याठिपक्यांच्या चेहऱ्याच्या मिकीचे ठिपके कुठले आणि फिल्मवरचे कुठले हे कळत नव्हतं.

मग वाटलं, जरा बरी कॉपी मिळाली तर. आणि तिथेच घात झाला.

कारण या मूकपटांची 'बरी कॉपी' अशी काही वस्तूच नाहीये. बोलपटांचं बरं आहे, रोचच्या काळातले २००८ साली ऐंशीच्या ऐंशी आठ डिस्कवर एका खोक्यात आले, विकत घ्या, विषय संपला. मूकपटांचं तसं एक खोकं मला काही मिळालं नाही, ते आपले सुटे सुटे, चार इकडे सहा तिकडे. त्या काळची सिनेमाची फिल्म नायट्रेटची, भस्सकन पेटणारी, आणि नाही पेटली तरी डब्यात पडून पडून चिकट होणारी, शेवटी भुगा होणारी. स्टुडिओतली मूळ फिल्म बरीचशी अशी गेली. वाचलं त्यातलं बरंच लोकांच्या घरातलं. १९२० च्या दशकातच पाथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटरची आणि कोडॅकने सोळा मिलिमीटरची छोटी फिल्म काढलेली, पैसेवाले लोक घरी प्रोजेक्टर ठेवायचे, आणि कोडॅकची कोडास्कोप नावाची लायब्ररीच होती, तिथून सिनेमा भाड्याने आणायचा, व्हिडिओ पार्लरचं खापरपणजोबाच म्हणा ना. ही घरगुती फिल्म न पेटणारी असायची. पेटली तर दिवाणखाना जाईल, म्हणून. म्हणजे कोणाच्या तरी पडद्यांना आग लागू नये या काळजीपोटी ही कार्टी आज जिवंत आहेत.

पण घरी आणताना त्यांची काटछाट झालेली. वीस मिनिटांच्या दोन रिळांतला एखादा तुकडा गेलेला, मधे मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या बदललेल्या. साडेनऊच्या फिल्मची तर गंमतच, तिला भोकं कडेला नसून बरोब्बर मधे, दोन चित्रांच्या मधल्या जागेत, आणि फिल्म वाचवायला पाटी अगदी थोड्याच फ्रेमची ठेवायची, कडेला एक खाच पाडायची, खाच आली की प्रोजेक्टर आपोआप थांबणार, तुम्ही पाटी वाचणार, मग तो पुढे जाणार. असलं डोकं लढवलेलं वाचलं की मला उगाच त्या माणसाला चहा पाजावासा वाटतो. पुढे १९६० मध्ये टीव्हीवाल्यांनी हेच मूकपट कापून 'मिस्चिफ मेकर्स' म्हणून दाखवले, वर नवीन संगीत. आयोवातल्या डॅव्हनपोर्टच्या ब्लॅकहॉक फिल्म्सने हौशी लोकांना आठ मिलिमीटरवर विकले, माझं ते प्रोजेक्टरविना अनाथ रीळ त्यांचंच. मग व्हीएचएस, मग डीव्हीडी. आणि आता १९२९ पर्यंतचे सगळे अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळे झालेत, त्यामुळे कोणीही उठतो आणि डिस्क काढतो.

म्हणून माझ्याकडे 'सन डाउन लिमिटेड' पाच आहेत. नवऱ्याचं म्हणणं पाच वेळा एकच सिनेमा घेतलाय. माझं म्हणणं पाच वेगळे सिनेमे आहेत. एकात सुरुवात धड आहे पण शेवट उडालाय, एकात चित्र स्वच्छ पण पाट्या नंतर कोणीतरी कॉम्प्युटरवर टाइप केल्यासारख्या, एकात स्पीड चुकलाय. ही स्पीडची भानगड म्हणजे मूकपटांच्या नशिबी आलेली साडेसाती. कॅमेरा सेकंदाला किती फ्रेमने फिरवला याचा पक्का नियम नव्हता, आणि नंतरच्या मशीनवर सरसकट चोवीसने पळवलं की टोळीतला जाडा जो कॉब मुंगी चावल्यासारखा धावतो. आणि संगीत! कुठलाही सीन असो, पोरगं रडतंय, कुत्रा हरवलाय, तोच ठेक्यातला पियानो टुणटुणटुण, रीळ संपेपर्यंत. मी आवाज बंदच करते. मूकपट म्यूट करून बघणारी बाई, असं सासरी माझ्याबद्दल सांगितलं जातं.

मागच्या उन्हाळ्यात आई सहा महिने राहायला आली होती. तिला इंग्रजी येत नाही, मराठी मालिका फोनवर बघून डोळे दुखतात, दुपार खायला उठते. म्हटलं बघ ही पोरं. पाट्या वाचून दाखवते म्हटलं तर दोन मिनिटांत म्हणाली, "तू मधे मधे बोलू नकोस गं, कळतंय मला." आणि सगळ्यांना नावं ठेवून मोकळी. मिकी डॅनियल्स ठिपक्या, जो कॉब लाडू, केसांचं टोपलं झालेला जॅकी कॉन्डन झिपऱ्या. त्यांचे संवादही तीच म्हणायची, "अरे झिपऱ्या, धर की ते चाक, आंधळा आहेस का!" अस्सल मिरजेच्या मराठीत. दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवनचं कामही असंच चालायचं. पोरांना स्क्रिप्ट वाचता येत नसे, मग तो शूटिंगच्या आधी गोष्ट सांगायचा आणि कॅमेरा फिरताना बाजूने ओरडून सांगत राहायचा, आवाज कुठे रेकॉर्ड होतोय. त्याचं ओरडणं गेलं आणि शंभर वर्षांनी त्या जागी आई ओरडायला लागली.

टोळीतल्या बारक्या काळ्या फरीनावरून मात्र आमचं वाजलं. आई त्याला शेंड्यावाली म्हणायची. डोक्यावर बांधलेल्या शेंड्या, अंगात ढगळ कपडे, तिला वाटलं मुलगी. मी म्हटलं मुलगा आहे तो, ॲलन हॉस्किन्स, सुरुवातीला दीड-दोन वर्षांचा होता आणि पुढे शंभरावर शॉर्ट्समध्ये आला, बाकी कोणापेक्षाही जास्त. मुद्दामच असा ठेवायचे, मुलगा की मुलगी कळू नये असा. "का?" आई म्हणाली. आणि मला धड उत्तर देता येईना. कारण काळ्या पोराकडे बघून हसायची ती एक ठरलेली पद्धत होती, मोठे डोळे, भुताला घाबरणं, कलिंगड. हे सिनेमे बघताना काही ठिकाणी माझ्या पोटात ढवळतं, काही पाट्या तर मी आईला वाचून दाखवल्याच नसत्या. पण हेही खरं की ज्या देशात तेव्हा अनेक राज्यांत काळ्या-गोऱ्यांच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या तिथे ही पोरं एका फळीवर बसून, एकाच गाडीतून धडपडत होती, आणि सनशाइन सॅमी म्हणजे अर्नी मॉरिसन, टोळीतला सगळ्यात हुशार, बऱ्याचदा तोच पुढारी. दोन्ही खरं. मी एकाने दुसरं पुसायचा प्रयत्न सोडून दिलाय. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पण काम सगळ्यात चांगलं तेच करतंय." ते तर आहेच.

मग तिने विचारलं, आपल्याकडे नाहीत का असली पोरं. मी लगेच लॅपटॉपवर 'कालिया मर्दन' लावला. फाळक्यांचा, १९१९ चा, त्यात बाळकृष्ण झालीये त्यांचीच मुलगी मंदाकिनी, सातएक वर्षांची. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्याचे हावभाव करून दाखवते, हसणं, रडणं, रागावणं, रोच असता तर कदाचित खिडकीकडे गेला असता, पण पुढे लोणी चोरायला निघाली की बघा. आईने हात जोडले आणि पुढच्याच मिनिटाला फिसकन हसली. एवढी एक गोष्ट पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमुळे बघायला मिळते. आपल्याकडे हजारावर मूकपट झाले, राहिले मूठभर. आपल्याकडे कोणाच्या दिवाणखान्यात कोडास्कोप होता? माझ्या कपाटाला हसणाऱ्यांना मी हे ऐकवते. पाच कॉप्या असणं हा माज आहे, कबूल, पण एकही नसणं काय असतं ते आपल्याला चांगलं माहितीये.

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. 'सन डाउन लिमिटेड'ची दोन नंबरची कॉपी चालू असताना आई उठली, टीव्हीजवळ गेली आणि पदराने स्क्रीनचा डावा कोपरा पुसायला लागली. पुसलं, मागे येऊन बघितलं, परत पुसलं. तिथे एक केस वळवळत होता. म्हटलं आई तो काचेवर नाहीये, तो आत आहे. फिल्मवरून फिल्म उतरवताना कधीतरी मशीनच्या फटीत कोणाचा तरी केस किंवा धागा अडकला, आणि तेव्हापासून त्या प्रिंटवरून जितक्या कॉप्या निघाल्या सगळ्यांत तो आहे. आईला ते काही पटलं नाही. "एवढे पैसे घेतात, पुसून देता येत नाही?"

आई परत गेली. परवा सहावी कॉपी आली. कुठल्यातरी ऑनलाइन विक्रेत्याने लिहिलं होतं, नवीन ट्रान्सफर, आत्तापर्यंतची सगळ्यात पूर्ण, आणि कव्हरवर झिपऱ्याचा फोटो इतका स्वच्छ की मी शिपिंगसकट पैसे भरून बसले. रात्री सगळे झोपल्यावर लावली. पहिली पाटी आली, मग इंजिन, मग लाडू आला, आणि मी लाडूकडे बघतच नव्हते, मी डाव्या कोपऱ्याकडे बघत होते. साधारण दीड मिनिटाने तो आला. आमचाच केस, तसाच वळवळत.